तलाव वाचवणाऱ्यांच्या नोंदवह्याही वाचा

गणेशोत्सव आटोपला की फुटाळा तलावाच्या काठावर निर्माल्य गोळा करणाऱ्या तरुणांची छायाचित्रे सगळीकडे झळकतात. त्यांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु नागपुरातील या स्वयंसेवकांचे सर्वांत मोलाचे काम छायाचित्रात येत नाही. विसर्जनाआधी आणि नंतर पाणी तपासून त्यांच्यापैकी काही जण ज्या नोंदी ठेवतात, त्या शहराच्या कारभारात विचारात घेतल्या गेल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

ही तपासणी प्रत्येकाने एकदा जवळून पाहावी. हवेचा बुडबुडा राहणार नाही अशा बेताने बाटली काठोकाठ भरतात, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडतात आणि बूच लावून ती उलटसुलट करतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. लिटरमागे प्राणवायू चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास होऊ लागतो. शाळकरी मुलांना तलावाची प्रकृती समजावून देण्याचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

हवामान बदलाचा संबंध येथेच येतो. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतील प्राणवायू लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळू शकतो, 30 अंशांना मात्र साडेसातच. मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या शहरात उन्हाळे आणखी कडक होत जातील, तसतशी तलावांची घाण पचवण्याची ताकद कमी होत जाणार. त्यातच गडरचे पाणी तलावात येत राहिले, तर तळाच्या गाळात प्राणवायूविना कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन बाहेर पडतो आणि तो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी असतो.

अंबाझरी तलावातील जलपर्णी काढायला उतरणाऱ्यांविषयी मला नितांत आदर आहे. पण जलपर्णी सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर पोसली जाते, त्यामुळे शहरालगतच्या वाडी गावाच्या बाजूने येणारे सांडपाणी वरच अडवले नाही तर उपसलेली जलपर्णी पुन्हा पसरणारच. जे काम गडर लाइन आणि शुद्धीकरण केंद्राने करायचे, त्याचा भार सुटीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

1870 च्या सुमारास बांधलेल्या या अंबाझरीने 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपल्याला काय दाखवले, हे नाग नदीकाठच्या वस्त्यांना सांगण्याची गरज नाही. काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि झोपेतल्या माणसांच्या घरांत पाणी शिरले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे अशा ढगफुटीसारख्या सरी पुढेही येणार, हे गृहीत धरूनच सांडवा आणि त्याखालचा प्रवाह मोकळा ठेवावा लागेल. तलाव म्हणजे केवळ फिरायला जाण्याची जागा, ही समजूत त्या पहाटेनंतर तरी टिकू नये.

फुटाळ्यावरील बांधकामांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हा मानवनिर्मित तलाव 2017 च्या नियमांखालील पाणथळ जागेत मोडत नसल्याचे म्हटले. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व, म्हणजे सरकार अशी संपत्ती जनतेच्या वतीने सांभाळते हा विचार, मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, हेही त्याच निकालात आहे. मला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपले बहुतेक तलाव माणसांनीच बांधलेले आहेत आणि विश्वस्त म्हटला की त्याने हिशेब द्यायलाच हवा.

तो हिशेब काठावरच मांडावा. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव आणि नाईक तलावाच्या काठी दर महिन्याच्या प्राणवायूचे आकडे मराठीत लिहिलेला फलक लागावा, त्यात स्वयंसेवकांनी घेतलेली मोजणीही असावी, आणि मृगाच्या आधी प्रत्येक सांडव्याची पाहणी अधिकाऱ्यांनी या मंडळींना सोबत घेऊन करावी.