स्पीकरला ब्लेड लावण्याआधी

'साठच्या दशकातल्या गॅरेज रॉकचा खरा आवाज पेडलमधून (पायाने चालवायच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यातून) येतच नाही. छोट्या ॲम्पचा स्पीकर ब्लेडने फाडा, त्याची वायर मोठ्या ॲम्पच्या इनपुटमध्ये घाला, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) फुल करा. किंक्सने हेच केलं. आणि तो सोलो जिमी पेजचा आहे.' गिटारवरचा हा फॉरवर्ड भाच्याकडे पोचला आणि त्याने ब्लेड कुठून मारायचं तेवढंच विचारलं!

ब्लेडची गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. किंक्स या ब्रिटिश बँडच्या १९६४मधल्या 'यू रियली गॉट मी' या गाण्यासाठी एल्पिको नावाच्या छोट्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा स्पीकर फाडून तो व्हॉक्स एसी-३० या मोठ्या ॲम्पमधून वाजवल्याचं त्यांचा गिटारवादक डेव्ह डेव्हिसने स्वतःच वारंवार सांगितलंय. पण सोलोही (गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा) त्याचाच. पुढे लेड झेपेलिनमुळे गाजलेल्या पेजने आणि निर्माता शेल टाल्मीने दोघांनीही हे स्पष्ट केलंय, तरी ही अफवा मरत नाही.

खरा धोका आहे तो वायरचा. ८ ओहमवर १० वॅट म्हणजे जवळपास ९ व्होल्ट. गिटारच्या पिकअपमधून (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकातून) इनपुटला येतात ते व्होल्टचे काही दशांश. आजच्या ट्रान्झिस्टर ॲम्पचं इनपुट एवढ्या माऱ्यात जळू शकतं. छोट्या ॲम्पचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असेल तर स्पीकरची एकही तार अर्थला (ग्राउंडला) जोडलेली नसते, दोन्हींवर सिग्नल असतो. सामायिक ॲडॅप्टरमुळे किंवा थ्री-पिनमुळे दोन्ही ॲम्पची अर्थ जुळली, की ती तार शॉर्ट होऊन चिप जाते. व्हॉल्व्ह ॲम्पचं त्याहून वाईट. स्पीकर काढून वायर थेट इनपुटला दिली तर लोडच (स्पीकरचा भार) उरत नाही आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शिवाय प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असू शकतात. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

'पेडलमधून येतच नाही' हे तर सरळ खोटं. मॅस्ट्रो फझ-टोन हे आवाज खरखरीत करणारं फझ पेडल १९६२ पासून बाजारात होतं आणि रोलिंग स्टोन्सच्या १९६५मधल्या 'सॅटिस्फॅक्शन'चा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी धून) त्यावरच वाजलाय. त्या पेडलमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आणि सगळं चालायचं दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर. त्यावर स्वर शेवटी तुटतुटत विझतो. त्याहीआधी, १९५८ मध्ये, अमेरिकन गिटारवादक लिंक रेने 'रंबल'साठी ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) पेन्सिलीने भोकं पाडली होती. म्हणजे फाडाफाडीचा शोधही किंक्सचा नाही.

गेन फुल करू नका. फझ अर्ध्यावर, ॲम्प स्वच्छ, ब्रिज पिकअप (तारा जिथे गिटारला टेकतात त्या टोकाजवळचा), गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. पूर्ण कॉर्डऐवजी फक्त मूळ स्वर आणि पंचम. त्या दोघांच्या कंपनांतला फरक मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो, म्हणून आवाज भरदार होतो. गंधार घातलात की नवे बेसूर स्वर निघतात आणि चिखल होतो. जर्मेनियम फझ पेडल्सच्या साखळीत सगळ्यात आधी ठेवा. त्याच्या आधी बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) किंवा बफर असलेला ट्यूनर आला, तर गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज साफ होत नाही.

तरी फाडायचंच असेल तर ॲम्पमधला स्पीकर फाडू नका. त्याच्याऐवजी जोडायला तेवढ्याच ओहमचा, तेवढ्या किंवा जास्त वॅटचा सुटा स्वस्त स्पीकर घ्या. मधल्या टोपीपासून बाहेरच्या दिशेने एकच चीर द्या आणि कडेच्या रिंगच्या आधी थांबा. कॉइलकडे जाणाऱ्या बारीक वेणीच्या तारांना ब्लेड लागता कामा नये. समोर माइक लावा आणि तो आवाज मोठ्या ॲम्पऐवजी मिक्सरमध्ये घ्या.