फुकटात मिळणाऱ्या नोकरीच्या नादी लागू नका

परदेशात स्ट्रॉबेरी खुडायला किंवा हॉटेलातल्या चादरी बदलायला चार-सहा महिने जायचं ठरवलंत? उत्तम. आता एकच पथ्य पाळा: त्या देशाच्या सरकारी वेबसाइटकडे ढुंकूनही पाहू नका. तिथे सगळे नियम कुणालाही वाचता येतील असे उघड्यावर टाकलेले असतात. त्यात काय दम असणार? खरी माहिती व्हॉट्सअॅपवर येते, 'शेवटच्या तीन जागा' असं लिहून.

शिवाय त्या वेबसाइटी माणसाला नाउमेद करतात. अमेरिका म्हणते, शेतीसाठी एच-2ए व्हिसा आणि इतर हंगामी कामांसाठी एच-2बी व्हिसा. पण दोन्हीकडे आधी मालकाने अर्ज करायचा, तो मंजूर झाला की मग तुमची पाळी. त्यातही एच-2बीची मूळ मर्यादा वर्षाला 66,000. एच-2एमध्ये तर राहायची सोय मालकाने फुकट करायची आणि काम लावून दिल्याबद्दल मजुराकडून छदामही घ्यायचा नाही, असं चक्क लिहून ठेवलंय. ब्रिटनमध्येही तोच प्रकार. सरकारमान्य संस्थांनीच प्रायोजकत्व द्यायचं, आणि काम मिळवून देण्याची फी घेणं बेकायदा. आता तुम्हीच सांगा, नोकरी लावून देतो आणि वर पैसे मागत नाही, अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा? तुम्ही आपले पैसे मागणाऱ्याकडे जा. त्याला निदान तुमची किंमत कळलेली असते.

देश कोणता, हे एजंटलाच ठरवू द्या. कॅनडाचा हंगामी शेतमजूर कार्यक्रम 1966 पासून चालू आहे आणि तो मेक्सिको व कॅरिबियन देशांतल्या लोकांपुरताच आहे. त्यामुळे एजंटकडे त्याच्या जागा हमखास शिल्लक असतात. इटलीत परदेशी मजुरांचा कोटा जाहीर होतो आणि ठरलेल्या दिवशी मालक मंडळी ऑनलाइन अर्ज भरायला तुटून पडतात. एजंट म्हणेल, 'आपलं आतून सेटिंग आहे.' आतून म्हणजे कुठून, असले प्रश्न विचारून त्याचा मूड घालवू नका.

मग येईल ऑफर लेटर. ते मोबाइलवर छोटं करूनच पाहा. मोठं केलंत तर कंपनीचा लोगो फाटलेला दिसेल, शिक्का सहीच्या खाली असायचा तो वर दिसेल, आणि तुमच्या नावाच्या जागी 'प्रिय उमेदवार'. शेताचा पत्ता नाही, तासाचा दर नाही, कामाचे तास नाहीत. पण पैसे भरायचा खाते क्रमांक मात्र ठळक अक्षरात, दोनदा. महत्त्वाचं काय ते कळायला नको का माणसाला?

ब्रिटनचा अर्ज करताना खात्यात 1,270 पाउंड सलग 28 दिवस दिसावे लागतात. ही जबाबदारी प्रायोजकाने उचलली तर लागत नाहीत, पण हे एजंटला सुचवू नका. ते पैसे व्याजाने देणारा माणूसही त्याच्याच ओळखीचा आहे, बिचाऱ्याच्या पोटावर पाय येईल.

एवढं करूनही हंगामी व्हिसा जमला नाही, तर तो म्हणेल, 'टुरिस्टवर जा, तिथे कन्व्हर्ट करू.' लगेच हो म्हणा. मुलाखतीत 'फिरायला चाललोय' असं ठासून सांगा आणि बॅगेत गमबूट वर ठेवा. विमानतळावरचा अधिकारी मनकवडा असतो, त्याला जास्त समजावून सांगावं लागत नाही. परतीचा खर्चही मग बहुधा तुमचाच.

मूळ पासपोर्ट एजंटकडेच राहू द्या, तो 'प्रोसेस'मध्ये आहे. पावती मागून त्याचा अपमान करू नका. तिकडे हंगाम संपल्याची बातमी आली, तरी घाबरून फोन करायचा नाही. पुढच्या बॅचमध्ये तुमचंच नाव पहिलं आहे. थोडा फरक भरावा लागेल, इतकंच.