जायला आठ, यायला सात

नातेवाइकांमध्ये कोणी विमानानं कुठं निघालं की किती तास लागतात हे मलाच विचारतात, का ते देव जाणे, आणि उत्तर दिलं की माझ्याशीच भांडतात. मामा लंडनहून न्यूयॉर्कला जाणार होते. मी म्हटलं, अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर, जायला आठ तास, यायला सात. मामांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "का? जाताना चढ आहे?"

मग मी जेट स्ट्रीम सांगायला घेतली, म्हणजे बघा मामा, दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, तो येताना पाठीवर आणि जाताना तोंडावर, २०२० च्या फेब्रुवारीत तर वादळानं तो इतका वाढला होता की एक साधं प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. यावर मामा म्हणाले, "पण पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी न्यूयॉर्क आपोआप खाली यायला पाहिजे." आता हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते हे मी सांगितलं, पण मामींना मामांचं जास्त पटलं.

त्यात कोणीतरी मोबाईलवर नकाशा काढला. विमानाची रेघ उत्तरेकडं फुगलेली! मामांची खात्रीच पटली, टॅक्सीवाला लांबून फिरवतो तसा हा पायलट फिरवणार. अहो गोल पृथ्वीवरचा जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडाच दिसतो, घरात ग्लोब असेल तर दोरा ताणून बघा, असं मी म्हणेपर्यंत कॅल्क्युलेटर बाहेर आला होता. ५५४० भागिले ९००, सहा तास नऊ मिनिटं. "तू आठ म्हणतोस. वरचे दोन तास कुठं गेले?"

हा हिशोब करणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड, कारण गणित बरोबर असतं. फक्त विमान गेटपासून ९०० च्या स्पीडनं निघत नाही एवढंच. ते आधी रांगेत रांगत जातं, मग चढतं, मग समोरचा वारा खातं, उतरताना वर घिरट्या घालतं, परत गेटपर्यंत रांगतं, आणि तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, त्यात कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं घालून ठेवतात म्हणजे उशिरा निघूनही "वेळेत पोचलो" म्हणायला मोकळ्या. शिवाय रस्ता बदलू शकतो ते वेगळंच. २०२२ पासून युरोपातल्या बहुतेक कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही म्हणून हेलसिंकी ते टोकियो नऊ-साडेनऊ तासांचं होतं ते तेराच्या आसपास गेलं, शहरं होती तिथंच आहेत.

मामा गप्प झाले. मला वाटलं पटलं.

पण मग तिकीट आलं. सुटणार सकाळी अकरा, पोचणार दुपारी दोन. पाच तासांचा टाइम झोन मी समजावेपर्यंत मामांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, "तीनच तास हो! हा उगाच आठ-आठ म्हणत होता." परतीचं रात्री नऊला सुटून सकाळी नऊला पोचतं, ते बघून मात्र मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "बारा तास दाखवतायत. तुझा तो वारा उलटा फिरला की काय रे?"