बाबांच्या पडण्याची एवढी काळजी असेल तर

सकाळी बाबांचा गेल्या मिरगातला फोटो स्टेटसला ठेवला. रात्री व्हाळात, म्हणजे आमच्या ओढ्यात, गुडघाभर पाण्यात उभे, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात बॅटरी, तोंडभर हसू. दुपारपर्यंत फॅमिली ग्रुपवर शिकवणी सुरू. "या वयात रात्रीचं व्हाळात नेतात का?" "साप चावला म्हणजे?" आणि वर, "कुर्ल्या बाजारात मिळतात की गं."

म्हणजे मी कुर्ल्यांसाठी, खेकड्यांसाठी जाते असं वाटतंय यांना! दोन माणसांची अर्ध्या रात्रीपर्यंत झोपमोड, अंगाला चिखल, आणि गेल्या वर्षी मिळाल्या किती, तर चौदा. त्यातल्या तीन सोडल्या, पोटाखाली पिल्लं होती म्हणून. तशी कुर्ली बाबा ठेवूच देत नाहीत.

आमच्या घरात बापाने पोरांशी बोलायची पद्धत नाही. तुमच्याही नसेल. आजोबा बाबांशी बोलायचे ते फक्त पारधीला. शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करावी लागायची. डुकराची वाट बघत दोघं झाडाखाली बसायचे आणि तिथे म्हणे आजोबा कर्जापासून आजीच्या आजारपणापर्यंत सगळं कुजबुजत सांगायचे. घरी आले की पुन्हा मुके. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तरी गावात लपूनछपून चालायचंच. ते बंद झालं ते बरंच झालं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पारध गेली आणि बापलेकांचं बोलायचं ठिकाणही गेलं. बाबांनी मग व्हाळ धरला.

लहानपणी दादाला न्यायचे. मला नाही. मी घरी कुर्ल्यांचे पाय वाटून रस गाळायला. (हे मी अजून विसरलेले नाही, बाबांनाही माहीत आहे.) दादा परदेशी गेला, तेव्हा तेहतिसाव्या वर्षी मीच म्हटलं, मी येते. बाबांनी एकदा बघितलं आणि बॅटरी माझ्या हातात दिली. "उजेड हलय नको," एवढंच. पाच वर्षं माझं काम तेच, उजेड धरायचा. बिळात हात ते घालणार.

गेल्या मिरगात बिळापाशी वाकले, मग सरळ झाले. म्हणाले, "आता तू घाल हात. मी बॅटरी धरतंय."

मी घातला. कुर्लीच्या डेंग्याने, नांगीने अंगठा असा पकडला की आईच आठवली. आणि हा माणूस हसतोय! फोटो त्याच क्षणाचा आहे. डाव्या हाताने काढलाय, म्हणून तिरका.

मग काठावर बसलो. अंगठ्याला फडकं गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मुंबयक गेलंस ना, त्या दिवशी कोकणकन्या सुटली तरी मी घराक नाय इलंय. हयच येवन बसलंय." २००३ ची गोष्ट. एवढ्या वर्षांत एक शब्द नाही. मला तर वाटायचं, कणकवली स्टेशनवर गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून गेलेला हा माणूस.

आता सांगा, हे मला बाजारात कोण देणार होतं?

रविवारी व्हिडिओ कॉल करून "जेवलात का, गोळी घेतलीत का" विचारणारे तुम्ही, आणि काळजी मला शिकवता? त्यांना टीव्ही दिलात, बीपीचं मशीन दिलंत, झालं. तुमच्यापैकी शेवटचा कोण त्यांच्या शेजारी तासभर गप्प बसलाय?

बरं, ठीक. साप असतात. आणि हो, गेल्या वर्षी परतताना ते घसरले होते, गुडघा आठ दिवस सुजला होता, मी कुणाला सांगितलं नाही. रागवा हवं तर.

खरं म्हणजे मलाही भीती वाटते. त्या रात्री बॅटरी त्यांच्या हातात होती आणि उजेड हलत होता. त्यांनी कधी हलू दिला नव्हता. मी काही बोलले नाही. ते हसले ते माझ्या अंगठ्याला की स्वतःच्या हाताला, अजून कळलेलं नाही.

जाऊ दे. लिहायला बसले तेव्हा ग्रुप सोडायचं ठरवलं होतं. आता मनात नाही. ज्यांना यायचं त्यांनी या, जुने बूट घेऊन या, फोन घरी ठेवा. शुक्रवारचं तिकीट काढलंय. मघाशीच बाबांचा फोन आला होता: "पाऊस लागलो हा. येताना सेल घेवन ये, हयले दोन दिवस चलनत नाय."