‘आम्हीपण मार खाल्ला, आम्हाला कुठं काय झालं?’

गेल्या पंधरा दिवसांत सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेतल्या बायकांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर येऊन गेला. थोडक्यात असा: ‘वडिलांनी पट्ट्यानं फोडून काढलं, आईनं लाटणं फेकून मारलं, तरी आम्हाला कधी डिप्रेशन आलं नाही. मारानं आम्ही कणखर झालो. आजची पोरं लाडानं ठिसूळ झालीत, एक शब्द बोललं की टोकाचं पाऊल उचलतात. दोन रट्टे द्या, समुपदेशक लागणार नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. बावीस वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. मला गप्प बसवेना.

‘डिप्रेशन आलं नाही.’ आलं नाही, की त्याला नाव नव्हतं? माझ्या लहानपणी ‘नाटकं करतेय’ आणि ‘डोक्यावर परिणाम झालाय’ ही दोनच निदानं होती. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये पाहणी केली, तेव्हा १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार जण. आमच्याही वर्गात अशी मुलं असणार, आम्ही त्यांना ढ म्हणत होतो, घुमी म्हणत होतो. आणि त्या काळातून जे सावरलेच नाहीत, ते आज ग्रुपवर ‘मला काही झालं नाही’ लिहायला येत नाहीत.

‘मारानं मुलं कणखर होतात.’ २०१६ मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी ७५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात मुलं होती १ लाख ६० हजारांवर. पट्टा सोडाच, नुसत्या चापट्यांबद्दल. मुलांवरचे १७ परिणाम तपासले, त्यातल्या १३ बाबतींत चापट्यांशी ठळक संबंध दिसला आणि तेराही वेळा तो नुकसानीचा होता. त्यात मानसिक त्रासही आला.

मार काय शिकवतो ते मी एका उत्तरपत्रिकेवर पाहिलंय. नववीतला मुलगा, चाचणीत ३४ गुण. घरून सही होऊन पेपर आला तेव्हा ८४ झालेले. इंग्रजी तीनाचा आठ करायला दोन बारीक रेघा पुरतात. सहीसुद्धा त्यानंच केलेली. मी विचारलं तर रडला नाही, चिडला नाही. हात मागं घेऊन एवढंच म्हणाला, ‘बाई, पप्पांना नका सांगू.’ चार महिने त्याला रात्री झोप लागत नव्हती, हे त्यानंतर आठवड्यानं कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला तो मजकूर कणखरपणा म्हणतो, तो बऱ्याचदा असा दिसतो.

‘लाडानं ठिसूळ झाली.’ मुलांना शिस्त हवी, हे मला मान्यच आहे. पण धाक आणि लाड या दोनच वाटा आहेत, असं कुणी सांगितलं? मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकातच तिसरी वाट दाखवली होती: नियम ठाम, पण कारण सांगून आणि माया न आटवता. शिवाय मार थांबला हे तरी कशावरून? केंद्र सरकारच्या २००७च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं, महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. तीनांतल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. शाळेत छडीला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली. घरात काय चालतं ते मुलांच्या दंडावर दिसतं.

‘एक शब्द बोललं की.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. एका शब्दानं कुणी जात नाही. त्याआधीची झोप, भूक, तुटलेली मैत्री, बंद दार आपल्या नजरेतून सुटलेलं असतं. २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला, सर्वांत जास्त महाराष्ट्रात. त्यांना ठिसूळ म्हणताना हात थरथरायला हवा.

याचा अर्थ सगळं खापर आईबापांवर फोडा, असाही नाही. मुलांच्या नैराश्यात पालकांच्या वागण्याचा वाटा साधारण ८ टक्के भरतो, असं ४५ अभ्यासांच्या २००७च्या एका पडताळणीत दिसलं. बाकी अनुवंश, शाळा, मित्र, पैशांची ओढाताण. पण त्या वाट्यातही सगळ्यात जास्त संबंध दिसला तो घरातल्या हिडीसफिडीसशी, आणि ती आपल्या हातातली आहे.

‘समुपदेशक लागणार नाही.’ लागतो. दोन आठवडे मूल ओळखू येईनासं झालं तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीसुद्धा चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

त्या नववीतल्या मुलाच्या वडिलांना मी बोलावलं होतं. सुरुवातीला तेही हेच म्हणाले, ‘मीपण मार खाऊनच शिकलो, बाई.’ मग बराच वेळ बाकावरच्या कोरलेल्या नावांवरून बोट फिरवत बसले. नापास झाल्यावर दोन दिवस स्टेशनवर झोपलो होतो, म्हणाले. ही गोष्ट त्यांनी मुलाला कधी सांगितली नव्हती. महिन्याभरानं रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘बोलला तो. स्कूटरवर मागं बसून. माझं तोंड दिसत नव्हतं ना, म्हणून.’