टिमकी वाजवायचा दिवस

नोकरीच्या मुलाखतीत “स्वतःबद्दल थोडं सांगा,” असं म्हटलं की समोरचा मराठी उमेदवार थेट मूळ गावापासून सुरुवात करतो. वडील अमुक खात्यातून रिटायर, आई गृहिणी, धाकटी बहीण बारावीला. स्थळ बघायला बसल्यासारखी सगळी माहिती मिळते, फक्त मुलाला काय येतं तेवढं कळत नाही. मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसतो, त्यामुळे हे नेहमीच ऐकतो. पण दोष त्या बिचाऱ्याचा नाही. ‘स्वतःची टिमकी वाजवू नये’ हे ऐकत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला आम्ही अर्धा तास टिमकीच वाजवायला बसवतो. तीही इंग्रजीत.

या प्रश्नाला दीड मिनिट पुरे, म्हणजे फार तर दोनशे शब्द. सध्या काय करता, त्याआधी काय केलं, त्यातलं या जागेला काय उपयोगी, बस. मुद्दे लिहून काढा, पण पाठ करू नका. पाठांतर लगेच ओळखू येतं. डोळे छताला लागतात आणि मध्येच कुणी “पाणी घेणार?” विचारलं की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावरून सुटते. त्यापेक्षा मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच आहे, पण ‘म्हणजे कसंय ना’ किती वेळा येतं ते तरी मोजता येतं.

पुढचा घोटाळा ‘आम्ही’चा. “आम्ही नवी पद्धत आणली, आम्ही खर्च वाचवला.” ऐकायला नम्र वाटतं, पण पगार एकट्याला द्यायचा असल्यामुळे आम्हाला त्या ‘आम्ही’तला नेमका तुमचा वाटा हवा असतो. “महिनाअखेरचा स्टॉकचा हिशेब जुळवायला दोन दिवस लागायचे. मी एक्सेलमध्ये तक्ता बांधला, आता तीन तासांत होतो.” एवढं बोललात की आमचं पेन चालू लागतं. अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, फरक किती पडला, या क्रमाने पाच-सहा प्रसंग तयार ठेवा. त्यातला एक फसलेला हवाच. “तुमचा वीक पॉइंट?” याला “मी फार परफेक्शनिस्ट आहे” हे उत्तर देणाऱ्याच्या रेझ्युमेत ‘मॅनेजमेंट’चं स्पेलिंग हटकून चुकलेलं असतं. आणि त्या फाइलचं नाव असतं ‘फायनल न्यू २’. छंदात ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, हे जिना चढतानाच आठवून ठेवा.

आता शर्ट. मुलाखतीसाठी नवा शर्ट घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तो त्याच दिवशी सकाळी खोक्यातून काढण्याचीही. चार टाचण्या निघतात, पाचवी मानेपाशी लपून राहते आणि पगाराचा विषय निघाला की टोचते. कॉलरमधली प्लॅस्टिकची पट्टी काढायची विसरते. छातीवर घडीचा चौकोन इतका ठसठशीत उमटतो की शर्ट परत करायचा बेत असावा असं वाटतं. एकदा धुवा, इस्त्री करा, आदल्या दिवशी तासभर घालून बसून बघा. उभ्याने नीट दिसणारी बटणं बसल्यावर ताणतात. नवे बूट तर नकोच. चावणाऱ्या बुटातला माणूस कुठल्याच प्रश्नाला हसून उत्तर देत नाही.

हिंजवडीसारख्या ठिकाणी जायचं असेल तर वेळेचा हिशेब गेटपर्यंत धरू नका, खुर्चीपर्यंत धरा. गेटवर ओळखपत्र, रजिस्टर, लॅपटॉप असेल तर त्याचा नंबर, मग पास, मग लिफ्ट. यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. अर्धा तास आधी गेटवर असलेलं बरं. ऑनलाइन असेल तर खिडकीकडे तोंड करून बसा. पाठीमागे खिडकी ठेवलीत तर आम्हाला फक्त सावली दिसते, आणि सावलीला नोकरी देण्याची अजून सोय नाही.

कागदपत्रांत खरी मेख नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव नुसत्या अक्षरावर भागवलेलं. लग्न झालेल्या बाईंची तर दोन आडनावं दोन गावांसारखी वेगळी. पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीला ही तीन माणसं वाटतात. फरक असेल तर आधीच सांगा, आणि नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये वर ठेवा.

शेवटी पगार. “अपेक्षा किती?” याला “तुम्ही द्याल ते” म्हणणं हा टिमकी न वाजवण्याचा कळस. आकडा सांगा, पण हातात किती येणार ते काढून मगच. सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, ६ लाख असला म्हणून महिना ५० हजार मिळत नाहीत. समजा त्यातलं मूळ वेतन ३ लाख. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ म्हणजे ३६ हजार, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे १४,४३० (मिळते साधारण पाच वर्षं टिकलात तर), आणि व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा बदलता भाग, ६० हजार, ते साहेबांच्या मर्जीवर. उरले ४,८९,५७०, महिन्याला ४०,८०० च्या आतबाहेर. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की साडेसदतीस हजार. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, महिना लहान असूनही.

हे गणित एकट्याने, दार लावून करावं. कारण ऑफर लेटर आल्याच्या संध्याकाळी जिन्यात भेटलेल्या काकूंना वडील “सहा लाखांचं पॅकेज!” असं सांगत असतात, तेही वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात.