शिक्षा वेगळी असू द्या, पण कारण सांगा

एकाच खटल्यात एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला तीन झाली, की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते: पैसे चारले असणार, नाहीतर वरून फोन गेला असणार. इंग्लंडमध्ये आल्यापासून मी सवड मिळेल तेव्हा क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या न्यायालयात, प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसतो. सहआरोपींच्या शिक्षेत फरक असणं हा अन्याय नव्हे, तो फरक कुणाला न समजावणं हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत होत गेलं आहे.

घरफोडीच्या एका खटल्यात दोघे पिंजऱ्यात उभे होते. एकानं दार फोडलेलं, दुसरा बाहेर गाडीत थांबलेला. न्यायाधीशबाईंनी पहिल्याचं नाव घेऊन त्याच्यापुरता हिशेब मोठ्यानं मांडला: शिक्षेची सुरुवात कुठून, आधीच्या गुन्ह्यांमुळे वाढ किती, पहिल्याच सुनावणीत गुन्हा कबूल केला म्हणून एक तृतीयांश सूट. मग दुसऱ्याकडे वळल्या. त्याचा वाटा कमी, पण त्यानं शेवटपर्यंत खटला लढवला, तेव्हा कबुलीची सूट नाही. त्याच्या घरचे माझ्या पुढच्याच बाकावर होते. त्यांना निकाल पटला असेल असं नाही, पण एवढीच शिक्षा का, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

यामागे २०१० पासून काम करणारी सेंटेन्सिंग कौन्सिल, म्हणजे शिक्षेची तत्त्वं ठरवणारी परिषद आहे. गुन्ह्यातली भूमिका आणि झालेलं नुकसान यांवरून शिक्षा कुठून सुरू करायची, हे तिची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ती सोडून जायची मुभा न्यायाधीशाला असते, मात्र का सोडली ते सांगावं लागतं.

आपल्याकडे धोकादायक हत्यारानं गंभीर दुखापत केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(२) खाली एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप होऊ शकते. या एवढ्या मोठ्या पट्ट्यात कोणता आरोपी कुठे बसतो, हे ठरवायला देशभर लागू असलेली तत्त्वं नाहीत. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीनं ती २००३ मध्येच सुचवली होती. शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकायची तरतूद आहे; पण पुष्कळदा ते म्हणणं 'घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी' एवढ्यावरच संपतं.

याची किंमत किती असू शकते, ते हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात दिसलं. चार खुनांसाठी तिघांना फाशी झाली. तिघांनी सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी दाद मागितली. एकाची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याची याचिका त्याआधीच फेटाळली गेली होती. ६ ऑक्टोबर १९८१ ला तो फासावर गेला. तिसऱ्यालाही त्याच दिवशी फाशी द्यायची होती, ऐनवेळच्या याचिकेमुळे ती थांबली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी १९८२ च्या निकालात सुचवलं, की फाशीपूर्वी एखाद्या सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे का, याची खात्री तुरुंग अधीक्षकानं स्वतः करावी. सारख्याच दोषाचा एक माणूस जीव गमावून बसल्यावर ही सूचना करावी लागली, हे मला आजही सहन होत नाही.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत गोऱ्यांच्या तुलनेत इतर वंशाच्या लोकांना तुरुंगवास होण्याची शक्यता कितीतरी जास्त असल्याचं खासदार डेव्हिड लॅमी यांच्या २०१७ च्या अहवालानं दाखवलं. मार्गदर्शक तत्त्वं असूनही हे घडलं. पण शिक्षांची नोंद सुसंगत ठेवली होती म्हणून ते पकडता आलं. न मोजलेल्या पक्षपाताशी भांडायचं कसं?

'तत्त्वं आणली की न्यायाधीशाचे हात बांधले जातील' ही भीती मला पटत नाही. आपल्याच कायद्यात याचं बीज आहे. एखाद्या आरोपीला माफीचा साक्षीदार करताना दंडाधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि आरोपीनं अर्ज केल्यास त्याची प्रत फुकट द्यावी लागते. सहआरोपींना वेगळी शिक्षा देतानाही हाच नियम लावा. प्रत्येकासाठी निकालपत्रात एक परिच्छेद: गुन्ह्यातला वाटा, वय, आधीची नोंद, कबुली, आणि दुसऱ्यापेक्षा शिक्षा कमी किंवा जास्त का. तो परिच्छेद भर न्यायालयात, आरोपीच्या आणि पीडिताच्या भाषेत वाचून दाखवा.